अर्ध्या गुणाचा गुन्हा

वाचकहो, दिवाळीच्या फराळात कोणी मिरचीचा ठेचा वाढीत नाही, हे मला ठाऊक आहे. करंज्या, चकल्या, अनारसे यांच्या पंगतीत तो शोभतही नाही. तरी आज मी तो थोडासा वाढणार आहे. पहिला घास मात्र माझ्याच पानात वाढून घेतो, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा उरणार नाही.

मी माहीमचा. शितलादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ होती; आज तिच्या जागी उंच इमारत आहे. चाळीतून इमारतीत येताना आम्ही पुष्कळ गोष्टी टाकून आलो. सामाईक गॅलरी टाकली, दारे उघडी ठेवण्याची सवय टाकली. मात्र गणपती बरोबर आणला, आणि त्याच्या मागोमाग मुलांची गायनस्पर्धाही आली. मी जन्मभर बँकेत आकडे लिहिले आणि संध्याकाळी पेटीची साथ केली. या दोन भांडवलांवर मंडळाने मला परीक्षक केले. आकडेही कळतात आणि सूरही कळतात, असा माणूस फुकटात आणखी कोठे मिळणार?

२०२३ च्या गणपतीतली गोष्ट. स्पर्धेत अकरा-अकरा वर्षांच्या दोन मुली होत्या. एक सातव्या मजल्यावरची, दुसरी तिसऱ्या मजल्यावरची. दोघी एकाच बाईंकडे शिकत. रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्यांचा रियाज चाले, तो मला माझ्या खिडकीत ऐकू येई. एक गाई तेव्हा दुसरी पेटी धरी. दुसरीची पाळी आली की पहिली पेटीवर बसे. स्पर्धेतही त्यांनी तसेच केले. सातव्या मजल्यावरची अभंग गायला बसली. मध्ये एका आलापात ती जरा लांब गेली आणि समेची वाट चुकली. क्षणभर तिने मान वळवून पेटीवरच्या मैत्रिणीकडे पाहिले. त्या मुलीने काय करावे? भाता न थांबवता तिने षड्ज धरून ठेवला आणि मान किंचित हलवली. ही पोरगी त्या सुराचे बोट धरून परत आली ती नेमकी समेवर! त्या संध्याकाळी पंधरा-सोळा मुले गायली. परंतु ज्याला मी गाणे म्हणेन असा तेवढाच एक क्षण होऊन गेला.

आणि त्या क्षणी मी काय केले? माझ्या हातात छापील कागद होता. सूर, ताल, शब्दोच्चार, पाठांतर आणि सादरीकरण असे त्याचे पाच रकाने. ‘सादरीकरण’ या शब्दाखाली बारीक टायपात ‘नजर श्रोत्यांकडे असावी’ अशी सूचना. बँकेत ज्याने तीस वर्षे छापील सूचना पाळल्या, त्याचा हात आपोआप चालला. मी अर्धा गुण कापला.

निकाल लागला. तिसऱ्या मजल्यावरची पहिली आली, सातव्या मजल्यावरची दुसरी. फरक अर्ध्या गुणाचा. म्हणजे जिने मैत्रिणीवर विश्वास टाकला तिला शिक्षा झाली, आणि त्या विश्वासाला जी जागली तिला त्याच शिक्षेतून बक्षीस मिळाले. असा न्याय एखाद्या अंधेर नगरीतही झाला नसेल! पहिल्या नंबरचा चषक दुसऱ्या नंबरच्या चषकापेक्षा चांगला वीतभर उंच होता. लिफ्टमध्ये दोन्ही आया समोरासमोर आल्या, काहीतरी बोलणे झाले. आठवडाभरात दिवेलागणीची पेटी बंद पडली. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या यादीत सातव्या मजल्यावरचे नाव नव्हते. तिसऱ्या मजल्यावरची गायली, पण साथीला कोणी नसल्यामुळे मोबाईलवर ट्रॅक लावून गायली. ट्रॅककडे मान वळवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ती सबंध वेळ श्रोत्यांकडे पाहत होती. सादरीकरणात तिला पुरे गुण मिळाले.

आमच्या माहीमचा हलवा तुम्ही खाल्ला असेल. त्याच्या पातळ वड्या एकीला एक चिकटू नयेत म्हणून मधे कागद घालतात. हलव्याला तो कागद शोभतो. मुलांच्या मधे गुणपत्रिकेचा कागद घालून त्यांनाही चिकटू द्यायचे नाही, ही अक्कल आम्हाला कोठून सुचली, हा आजचा माझा प्रश्न आहे.

पुष्कळजण लगेच दूरदर्शनसंचाकडे बोट दाखवतील. मी त्यात घाईने सामील होणार नाही, कारण त्याच पडद्यावर मी याच्या अगदी उलट गोष्ट पाहिली आहे, आणि तुम्हीही पाहिली आहे. २००८-०९ साली झी मराठीवर ‘सा रे ग म प’चे ‘लिटिल चॅम्प्स’ हे पर्व झाले. पल्लवी जोशी निवेदन करीत. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची चिमुरडी मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले महाअंतिम फेरीत होती. माहीममध्ये त्या दिवसांत रात्री कार्यक्रमाची वेळ झाली की जिने ओस पडत. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती झाली. ती त्या विजयाला लायक होती, याबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच, की आज इतक्या वर्षांनी तुम्हाला प्रथम काय आठवते? पाच मुलांतली विजेती, की पाच मुले? महाराष्ट्राने त्यांना नाव दिले तेही ‘पंचरत्न’. गल्लीतल्या माणसाला जे कळले ते स्पर्धेच्या नियमाला कळले नव्हते, की ही रत्ने एका हारातली आहेत.

येथे एखादा चतुर वाचक डोळे मिचकावील. “अहो, ती मैत्री कॅमेऱ्यासाठी होती! पोरांना एकमेकांच्या गळ्यात पडायला सांगितले असेल.” असेल, कोणत्या वेळी कोणी काय सांगितले ते पाहायला मी तेथे नव्हतो. परंतु कॅमेरा बंद झाल्यावर नाटक किती दिवस चालते? २०२१ मध्ये तेच पर्व नव्या मुलांसाठी पुन्हा सुरू झाले तेव्हा हेच पाचजण परीक्षक म्हणून शेजारी शेजारी बसलेले आपण पाहिले. २०२३ च्या डिसेंबरात मुग्धा आणि प्रथमेश यांचा विवाह झाला. कॅमेऱ्यासाठी केलेली मैत्री इतका लांबचा पल्ला गाठीत नाही.

मग त्यांना आखाड्यात कोणी उतरवले? सांगायला लाज वाटते, पण आपणच. एकट्या माझ्या घरात तीन तट पडले होते. मी आणि माझी बहीण दोन दिवस बोलत नव्हतो. कारण तिने माझ्या आवडत्या मुलाचा सूर ‘बरा’ म्हटला होता. मी स्वतः मोबाईलवरून एकामागून एक तेरा संदेश पाठवले. एकाला मत म्हणजे उरलेल्या चौघांच्या विरुद्ध मत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरले नाही. पडद्यावर मुले एकमेकांना टाळ्या देत होती, आणि सोफ्यावर बसून भांडत होतो आम्ही मोठी माणसे. आमची मुले ते पाहत होती. गायनस्पर्धा म्हणजे काय, हे ती पडद्याकडे पाहून शिकली नाहीत. सोफ्याकडे पाहून शिकली.

आणि त्या पडद्यावर आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आमचे लक्षच नव्हते. गाणाऱ्या मुलामागे कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद बसलेला असे. अमर ओकांची बासरी, नीलेश परबांचा ढोलक-ढोलकीवरचा हात हे सगळे त्या मुलाच्या गळ्याला सांभाळून घेत असे. मूल घाबरले तर ताल त्याला आधार देई. मूल खुलले तर बासरी त्याच्याबरोबर खुले. आम्ही मत दिले ते मुलाला. पेटीवाला असूनही मला वाद्यवृंदाची आठवण झाली नाही, याहून मोठी नामुष्की कोणती?

आता जरा मागे चला. ‘स्पर्धा’ ही चीज आपल्याला परकी नाही. कोकणातून लालबाग-परळला आलेल्या माणसाला डबलबारी भजन काय ते विचारा. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रात्रभर एकमेकांना जिंकू पाहतात. परंतु कोणताही बुवा एकटा येत नाही. पखवाज येतो, झांज येते, टाळकरी येतात, मागे कोरस धरणारी दहा माणसे येतात. कलगी-तुऱ्यात तर प्रतिपक्षावाचून खेळच उभा राहत नाही. सवाल करणाऱ्याला जबाब देणारा हवा. समोरच्याला ‘बाद’ करून घरी पाठवले तर पुढचा सवाल कोणाला घालणार? आपल्या परंपरेत प्रतिस्पर्धी हा अर्धा साथीदार असे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे मराठी रंगभूमीवरचे दोन प्रतिस्पर्धी. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. दोघांचे चाहते एकमेकांचे तोंड पाहत नसत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे एका रंगमंचावर उभे राहिले, आणि खाडिलकरांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. विचार करा वाचकहो, आजची एखादी वाहिनी असती तर तिने काय केले असते? दोघांच्या चेहऱ्यांमध्ये विजेची रेघ काढली असती आणि खाली मत देण्याचा क्रमांक झळकवला असता! त्या रात्री तसे काही झाले नाही. कोण सरस, यावर चाहत्यांनी घरी जाताना वाद घातला असेलच. तो रसिकांचा हक्क आहे. परंतु शंभर वर्षांनंतर त्या प्रयोगाचे नाव आपण घेतो ते ‘संयुक्त’ या एका शब्दासाठी. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या रात्री दोघांनी ‘पुढे कधीतरी पाहू’ असे म्हटले असते, तर तो ‘पुढे’ आलाच नसता.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. मंडळाच्या बैठकीत ते तिन्ही आले, म्हणून मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप असा : “जगात स्पर्धाच आहे, मुलांना तिची सवय नको का?” माहीमच्या खाडीलाही भरती येते. म्हणून आपण पोराला भरतीत ढकलून पोहायला शिकवीत नाही. कमरेला दोरी बांधतो आणि दोरीचे टोक धरून जवळ उभे राहतो. गाण्यात ती दोरी म्हणजे साथीदार. आम्ही भरती ठेवली आणि दोरी कापली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि मी तो मानतो. “स्पर्धा नसती तर आरवलीचा आणि लातूरचा मुलगा महाराष्ट्राला ऐकू आला असता काय?” नसता आला. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, शहरातले गुरू नाहीत, त्याच्यासाठी स्पर्धा हे एक दार आहे. ते दार बंद करा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, एकाला आत घेऊन बाकीच्यांच्या तोंडावर ते लावू नका. रोहित राऊत त्या महाअंतिम फेरीत जिंकला नाही; पुढे २०२० साली ‘इंडियन आयडॉल’मध्ये तो उपविजेता ठरला. एका रात्रीच्या निकालाला शेवटचा निकाल मानले असते, तर त्याच्या पुढच्या गाण्याला आपण मुकलो असतो.

तिसरा आक्षेप : “नियम असेच असतात, ते आपण काय बदलणार?” याचे उत्तर मला माझ्या नातीने दिले, आणि तेही थेट कोरियातून. ती मोबाईलवर कोरियन गाणी ऐकते. त्या भाषेतले मला अक्षर कळत नाही, सूर कळतात. तिने मला ‘फँटम सिंगर’ नावाची एक गायनस्पर्धा दाखवली. तिकडच्या जेटीबीसी वाहिनीवर ती २०१६ साली सुरू झाली. तिची रीत अशी, की स्पर्धक येतात एकेकटे. पुढे त्यांना दोघादोघांनी गावे लागते, मग तिघातिघांनी आणि अखेरीस चौघाचौघांनी. शेवटी जिंकतो तो एक माणूस नव्हे, चौकडी जिंकते. २०१७ साली पहिल्या पर्वाची विजेती ठरली ती ‘फोर्ते दी क्वात्रो’ ही चौघांची जोडणी. त्या चौघांत शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायकी शिकलेले होते, तसे नाटकातून आलेलेही होते. गाळणी तेथेही आहे, रडारड आहे, पडद्यावरचा मसालाही आहे. परंतु काल ज्याच्याविरुद्ध गायलो त्याच्याचबरोबर उद्या गावे लागेल, हे ठाऊक असल्यावर माणूस दुसऱ्याच्या सुराकडे कान देऊन बसतो. तेथे मान वळवून जोडीदाराकडे पाहणे हा गुन्हा होऊच शकत नाही.

कोरिया म्हणजे स्वर्ग, असा माझा मुळीच समज नाही. त्याच देशात ‘प्रोड्यूस’ नावाची मालिका होती. प्रेक्षकांच्या मतांवर गायक-नर्तकांचा संघ निवडतो, असे ती सांगे. २०१९ साली तिच्यातले मतांचे आकडे फिरवल्याचे उघड झाले आणि २०२० साली न्यायालयाने तिच्या एका निर्मात्याला तुरुंगवास सुनावला. हजारो लोकांनी मनापासून दिलेली मते कोठे गेली, कोणास ठाऊक! तेव्हा एकाच देशात दोन नियम, आणि दोन तऱ्हा. नियम माणसे करतात, माणसेच ते बदलतात. एवढा जरी धडा घेतला तरी पुष्कळ आहे.

तर मग काय करावे? मी चार साध्या गोष्टी मागतो. मुलांच्या स्पर्धेत निम्मे गुण दोघांनी मिळून गायलेल्या गाण्याला असावेत, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात. साथीला बसलेल्या मुलाला गाणाऱ्याइतकेच बक्षीस असावे, तेवढ्याच उंचीचे. ‘सादरीकरण’ या रकान्यात ‘साथीकडे लक्ष’ यासाठी गुण द्यावेत; कापू नयेत. आणि बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणीही, गल्लीत वा वाहिनीवर, हात जोडून मते मागायला लावू नयेत. मत मागणे हे पुढाऱ्यांचे काम आहे. ते लाज सोडून कसे करावे, हे मुलांनी इतक्या लवकर शिकण्याची गरज नाही.

यंदा मी मंडळाला हे सारे लेखी दिले आणि कळवले, की नाहीतर परीक्षकाची खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. बैठक झाली. अध्यक्षांनी माझ्या अक्षराची स्तुती केली. पन्नासांपैकी दहा गुण जोडीच्या गाण्याला ठेवण्याचे ठरले. बाकीचे ‘पुढच्या वर्षी पाहू’. मी दहा गुण घेतले आणि खुर्चीवर बसलो. अर्ध्या गुणाने ज्याला झोपेतून उठवले, त्याला दहा गुण थोडे नव्हेत.

मात्र एक हिशेब राहिला होता. विसर्जनानंतर मी हलव्याचा पुडा घेऊन सातव्या मजल्यावर गेलो. मुलगी आता मोठी दिसू लागली आहे. मी तिला सरळ सांगितले, “बाळ, त्या वेळी मी तुझा अर्धा गुण कापला. चूक माझी होती.”

तिने विचारले, “आजोबा, कशाचा कापला होता?”

“तू पेटीवर बसलेल्या मैत्रिणीकडे पाहिलेस, म्हणून.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “मग यापुढे नाही बघणार.”

वाचकहो, चूक कबूल करायला गेलो आणि ती चूकच शिकवून परत आलो. मी जिना उतरलो तो लिफ्टची वाट न पाहता. प्रत्येक मजल्यावर बंद दारे होती, आणि कोठल्या तरी दारामागे मोबाईलवरचा ट्रॅक वाजत होता.

पाडव्याच्या पहाटे आमच्या इमारतीच्या अंगणात सतरंजी घालणार आहोत. पेटी माझी असेल, परंतु वाजवणार मी नाही. नंबर नाहीत, चषक नाहीत, छापील कागद नाही. गाणाऱ्यांच्या यादीत मी दोन नावे एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. दोन्ही घरी जाऊन सांगून आलो. एका घरात “बघू” म्हणाले, दुसऱ्या घरातही “बघू”च म्हणाले. निदान या एका शब्दावर तरी दोन्ही घरांचे एकमत झाले, हे काय कमी आहे?

तुमच्याही अंगणात यंदा कोठेतरी दिवाळी पहाट होईलच. तेव्हा एवढे करा. एखादे मूल गाता गाता अडले आणि मान वळवून आपल्या सोबत्याकडे पाहू लागले, तर टाळी तेथे द्या. शेवटी नव्हे, तेथेच.